तोळ्याचा हिशेब रुपयांत अडकला: विमा नियामकांच्या अध्यक्षांना वडीगोद्रीहून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद.

महोदय,

धुळे–सोलापूर महामार्गावर पाचोड मागे टाकून शहागडच्या दिशेने निघाले की मध्ये वडीगोद्री लागते. तालुका अंबड, जिल्हा जालना. शेजारच्या अंतरवाली सराटीत आरक्षणाच्या आंदोलनात 2023 च्या सप्टेंबरात जे घडले आणि वडीगोद्रीत 2024 च्या जूनमध्ये जे उपोषण झाले, त्यामुळे ही दोन्ही नावे कित्येक दिवस टीव्हीच्या पट्टीवरून हलली नव्हती. कॅमेऱ्यांच्या गाड्या आल्या आणि गेल्या. हे पत्र त्यातल्या कोणत्याही विषयावर नाही. ते या पट्ट्यातल्या घराघरांत कपाटाच्या आतल्या कप्प्यात, कापडी बटव्यात, सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळून ठेवलेल्या सोन्याबद्दल आहे, आणि आपल्या प्राधिकरणाने लिहून दिलेल्या पॉलिसीत त्या सोन्याला किती जागा आहे याबद्दल आहे.

विमा म्हणजे काय, हे वडीगोद्रीला समजावून सांगावे लागत नाही. पीकविमा इथे घरोघरी चर्चेत असतो. 2023 च्या खरिपात राज्य सरकारने तो एक रुपयात दिला, 2025 मध्ये ती सवलत बंद केली, आणि दोन्ही वेळा पारावर त्यावर भरपूर बोलणे झाले. नुकसान झाले की 72 तासांत कळवायचे असते, हे शाळकरी पोरालाही पाठ आहे. ट्रॅक्टरचा आणि मोटारसायकलचा विमा कायद्याने काढावाच लागतो. एलआयसीचा एजंट तर गावातलाच, बहुधा नात्यातला. बँकेच्या खात्यातून वर्षाला 20 रुपये आणि 436 रुपये कापून जाणाऱ्या दोन सरकारी योजनाही ठाऊक आहेत. पण ‘घरातल्या सामानाचा विमा’ म्हटले की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, “घराचाबी असतो का?”

असतो. आणि ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे तो बँकेमुळे आहे. घरासाठी कर्ज काढले, बँकेने कागदांच्या गठ्ठ्यात एक पॉलिसी जोडली, सही झाली. ती पॉलिसी भिंतींची आणि छताची. घरात काय आहे याच्याशी तिला देणेघेणे नसते, कारण बँकेचा जीव तिच्या कर्जात गुंतलेला असतो, घरातल्या बाईच्या गंठणात नव्हे.

इथली शिल्लक मात्र गंठणातच असते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याला जाणारा ऊस, कापूस, मोसंबीचा बहार. पैसा हाती आला की त्यातला काही भाग सराफाकडे वळतो. पोरीच्या लग्नाची तयारी ती पाचवीत असल्यापासून ग्रॅम-ग्रॅमने सुरू होते. दुष्काळाच्या वर्षी तेच सोने तारण जाते, आणि बी-बियाण्याचे, दवाखान्याचे भागते. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण व्यापारी पेठेच्या भरभराटीवरून पडली असली, तरी खेड्यातल्या बाईच्या पुरती ती शब्दशः खरी आहे. तिच्या नावावर सातबारा क्वचित असतो, दागिना असतो.

आता आपल्या पॉलिसीकडे वळू.

आपल्या प्राधिकरणाने 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सामान्य विमा कंपन्यांना लागू केली. ती चांगली पॉलिसी आहे, हे आधी कबूल करायला हवे. आग, वीज, पूर, वादळ, भूकंप, दंगल असे सगळे एकाच कागदात आले. घराच्या इमारतीचा विमा काढला की त्या रकमेच्या 20 टक्के, पण जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप संरक्षण मिळते. फ्रीज, टीव्ही, पलंग, भांडी यांची यादी देण्याची गरज नाही. विमा कमी रकमेचा काढला होता म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापायची, ही जुनी खोडही मोडली. दहा वर्षांपर्यंतची पॉलिसी एकदम घेता येते. इतके सरळ काम सरकारी कागदात क्वचित दिसते.

पण या आपोआप मिळणाऱ्या संरक्षणात दागिने नाहीत. दागिने, चांदीची भांडी, चित्रे, जुन्या मौल्यवान वस्तू हा वेगळा वर्ग आहे, आणि त्यासाठी वेगळा हप्ता भरून वेगळे कलम घ्यावे लागते. हेही ठीक. दागिन्याचे मूल्य कंपनी आणि ग्राहक यांनी आधीच ठरवायचे, त्यासाठी मूल्यांकनाचा दाखला जोडायचा. छोट्या ग्राहकाला त्रास नको म्हणून आपण सूटही दिली: मौल्यवान वस्तूंची एकूण विमा रक्कम 5 लाखांपर्यंत असेल आणि कोणतीही एक वस्तू 1 लाखाहून अधिक किमतीची नसेल, तर दाखल्याची गरज नाही.

महोदय, हा नियम अमलात आला त्या वेळी सोन्याचा भाव दहा ग्रॅमला 45 हजारांच्या आसपास होता. एका लाखात दोन तोळ्यांचा दागिना बसत होता आणि वर घडणावळीला जागा उरत होती. पाच लाखांत साधारण अकरा तोळे, म्हणजे वडीगोद्रीतल्या बऱ्यापैकी खात्यापित्या घराचे सगळे सोने. 2025 च्या एप्रिलमध्ये भावाने लाखाचा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी तो आणखी बराच वर गेला. आता एका तोळ्याची साधी एकदाणीही लाखाच्या रेषेपलीकडे आहे. पाच लाखांत पाच तोळेही बसत नाहीत. घरात एक ग्रॅमही नवे सोने आलेले नाही, सुनेच्या गळ्यातली पोत तीच, सासूचे झुंबर तेच. तरी नियमाच्या नजरेत हे कुटुंब ‘छोट्या ग्राहका’तून उठून दाखला आणणाऱ्यांच्या रांगेत गेले. रेषा रुपयांत आखली गेली आणि तिथेच राहिली. त्याच पॉलिसीत एकाहून अधिक वर्षांसाठी विमा घेतला तर इमारतीची विमा रक्कम दर वर्षी 10 टक्क्यांनी आपोआप वाढवायची दूरदृष्टी आपण दाखवली आहे. सिमेंट-सळईचा भाव वाढतो हे ज्यांना सुचले, त्यांना सोन्याचे का सुचले नसावे?

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. गावात कुणाला सांगितले की दागिन्यांचा विमा काढला आहे, तर ऐकणारा एकच अर्थ घेतो: चोरी झाली तर पैसे मिळतील. भारत गृह रक्षाच्या मूळ मसुद्यात चोरीचे संरक्षण आहे, पण ते असे: आग, पूर, भूकंप यांसारखी विमा असलेली आपत्ती आली आणि तिच्यामुळे, तिच्यापासून सात दिवसांच्या आत चोरी झाली, तर. म्हणजे घरात पुराचे पाणी शिरले, माणसे शाळेत हलवली आणि मागे कुणी कपाट फोडले, तर भरपाई. अमावास्येच्या रात्री कडी-कोयंडा तोडून चोरटे आत शिरले आणि सगळे घेऊन गेले, तर नाही. त्यासाठी कंपनीचे वेगळे जोडकलम किंवा घरफोडीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. पॉलिसीच्या नावात ‘रक्षा’ आहे आणि लोकांना सगळ्यात जास्त भीती ज्याची, तेच बाहेर.

बरे, घरफोडीचा वेगळा विमा घेतला तरी गाठ सुटत नाही. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदनलाल हा खटला आला. न्यायालयाने पॉलिसीतली व्याख्या वाचली आणि सांगितले की घरफोडीच्या विम्यात चोरीच्या आधी बळजबरी किंवा हिंसा झालेली असली पाहिजे. नुसती चोरी पुरेशी नाही. कंपनी जिंकली. पण त्याच निकालात न्यायमूर्तींनी हेही नोंदवले की ही व्याख्या फार कडक आहे, बळजबरीचा पुरावा द्यावा लागेल हे सामान्य माणसाच्या लक्षात येणे अवघड आहे, आणि कंपन्यांनी अशा अटी सुधाराव्यात. या गोष्टीला वीस वर्षे उलटून गेली.

मे महिन्यातली वडीगोद्री आपण पाहिली असती तर न्यायमूर्तींचे म्हणणे लगेच पटले असते. उकाड्याने घर सोडून माणसे गच्चीवर नाहीतर अंगणात बाजा टाकून झोपतात. खालचे दार नुसते लोटलेले, कारण म्हातारीला रात्री पाणी प्यायला आत यावे लागते. चोर येतो, दार ढकलतो, कपाटाची किल्ली उशीच्या अभ्र्यात नाहीतर देवघराच्या मागे असते हे त्याला माहीत असते, आणि काहीही न तोडता जातो. पोलिसांच्या दृष्टीने हा गुन्हा पक्का आहे. राहत्या घरातल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विमा कंपनीच्या दृष्टीने मात्र ‘बळजबरीच्या प्रवेशाच्या खुणा आढळल्या नाहीत’. एकाच रात्रीची ही दोन सरकारमान्य वर्णने.

याच पट्ट्याचे आणखी एक वैशिष्ट्य हैदराबादेतून दिसणे कठीण आहे. अंबड, घनसावंगी, गेवराई, बीड हा ऊसतोड कामगारांचा मुलूख. दिवाळी झाली की टोळ्या मुकादमाबरोबर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि परततात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी. घराला चार-पाच महिने कुलूप, नाहीतर मागे एखादी आजी आणि शाळेतली नातवंडे. घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींत अट असते की घर सलग अमुक दिवसांहून अधिक, अनेकदा 30 दिवसांहून अधिक, बंद राहिले तर संरक्षण थांबते, जोपर्यंत कंपनीला आधी कळवून तिची मान्यता घेतलेली नाही. शहरातल्या सुट्टीवर जाणाऱ्या कुटुंबासाठी ही अट समजण्यासारखी आहे. पोटासाठी दर वर्षी घर बंद करणाऱ्यासाठी तिचा अर्थ एवढाच होतो की चोरीची सर्वांत जास्त शक्यता असलेल्या महिन्यांत त्याचा विमा झोपलेला असणार.

मग सोने घरात ठेवू नये, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे, असा सल्ला सहज दिला जातो. लॉकरचा नियमही पाहू. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये अमिताभ दासगुप्ता खटल्यात बँकांना फटकारल्यावर रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2022 पासून नवी चौकट आणली. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. समजा भाडे 1,500 रुपये आहे. मग जास्तीत जास्त दीड लाख, आजच्या हिशेबाने दीड तोळाही धड नाही. पूर, भूकंप, वीज यांसाठी, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तेवढेही नाही. आणि लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसल्याने त्याचा विमा ती काढत नाही.

तिसरा मार्ग पतसंस्थेचा. या भागात तो सर्वांत जवळचा, कारण पतसंस्थेची शाखा हाकेच्या अंतरावर असते आणि सोने तारणाचे पैसे तासाभरात मिळतात. वडीगोद्रीपासून जवळच्या शहागडला ऑक्टोबर 2021 मध्ये बुलडाणा अर्बनच्या शाखेत शस्त्रांचा धाक दाखवून दरोडा पडला, आणि रोकडीबरोबर ग्राहकांनी तारण ठेवलेले दागिनेही गेले. शाखा भर वस्तीत, वेळ कामकाजाची. दोन वर्षांनी, 2023 मध्ये, बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेच्या शाखांना कुलपे लागली आणि मराठवाडाभर ठेवीदार रस्त्यावर आले. मल्टिस्टेटच्या ठेवींना बँकेसारखा ठेवविमा नसतो, हे अनेकांना तेव्हा कळले. या दोन प्रसंगांनंतर ज्यांनी पैसे आणि दागिने पुन्हा घरी आणून ठेवले, त्यांना अडाणी म्हणता येत नाही. त्यांनी उपलब्ध पर्यायांची तुलना केली आणि आपल्या नजरेसमोरचे कपाट निवडले.

दोष सगळा कंपन्यांचा आणि नियमांचा आहे असे मात्र नाही. आमच्याकडच्या सोन्याला कागद नसतो, ही आमची स्वतःची करणी आहे.

सोन्यावर तीन टक्के जीएसटी आहे. लाखाच्या दागिन्यावर तीन हजार. ते वाचवायला गिऱ्हाईक कच्ची पावती घेते, म्हणजे पाठकोऱ्या कागदावर वजन आणि आकडा. काही वर्षांनी तो कागद जातो. जुना दागिना मोड म्हणून दिला आणि नवा घडवला, तर पावतीवर कैकदा फरकाचीच रक्कम असते, त्यामुळे तीन तोळ्यांचे गंठण कागदावर एका तोळ्याचे ठरते. आजीकडून आलेल्या बोरमाळेला तर कसलीच पावती नाही. बोरमाळेचे मणी आतून पोकळ, त्यांत लाख भरलेली. काट्यावर माळ तीन तोळे भरते, सोने त्याहून बरेच कमी निघते. हा फरक घरातल्या बाईला तोंडपाठ असतो, पण विम्याच्या पाहणीदारासमोर तो सिद्ध करायला सराफाचा दाखला लागतो, ज्यात एकूण वजन, निव्वळ वजन, शुद्धता आणि खडे वेगवेगळे लिहिलेले असतात. चोरीची फिर्याद देतानाही तेच घडते. ‘सेव्हन पीस’, ‘मिनी गंठण’, ‘झुंबर जोड’ अशी नावे लिहिली जातात, किंमत मात्र जुन्या पावतीची पडते. वर्तमानपत्रात अधूनमधून छापून येते की पाच ग्रॅमची अंगठी, किंमत पंधरा हजार. वाचणारा हसतो, पण पुढे तोच आकडा दाव्याच्या फायलीत जाऊन बसतो.

यादी करायला लोक कचरतात त्यामागे आणखी एक भीती आहे, प्राप्तिकराची. “लिहून दिलं अन् नोटीस आली तर?” विवाहितेला 500 ग्रॅम, अविवाहितेला 250 ग्रॅम आणि पुरुषाला 100 ग्रॅम ही ‘मर्यादा’ सगळ्यांनी ऐकलेली असते. प्रत्यक्षात ती सोने बाळगण्याची मर्यादाच नाही. 11 मे 1994 च्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचनेनुसार प्राप्तिकराच्या झडतीत एवढे दागिने जप्त करू नयेत, असे अधिकाऱ्यांना सांगितलेले आहे. हिशेब देता येत असेल तर त्याहून जास्तही ठेवता येते. वडीगोद्रीतल्या किती घरांत एका विवाहितेचे पाचशे ग्रॅम निघेल? ही भीती श्रीमंतांची आहे आणि ती गरिबांनी उगाच अंगावर घेतली आहे. विमा कंपन्यांच्या एकाही माहितीपत्रकात हे दोन ओळींत सांगितलेले दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते.

हा प्रश्न फक्त खेड्याचा आहे असेही समजू नये. ब्रिटनमध्ये भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या घरांवर सोन्यासाठी पाळत ठेवून चोऱ्या होतात. पाच वर्षांत 14 कोटी पौंडांहून अधिक किमतीचे ‘एशियन गोल्ड’ चोरीला गेल्याचे बीबीसीने 2019 मध्ये पोलिसांकडून आकडे मागवून दाखवले होते. तिथल्या घरसामानाच्या विम्यात चोरी मुळातच धरलेली असते, पण एका वस्तूला ठरावीक रकमेची मर्यादा असते आणि त्याहून महाग वस्तू नावानिशी नोंदवावी लागते. लंडनच्या उपनगरातल्या मराठी सुनेलाही मंगळसूत्राचा फोटो काढून, वजन लिहून कंपनीला पाठवावे लागते. फरक एवढाच की तिला नूतनीकरणाच्या वेळी कंपनी तसे विचारते.

नूतनीकरण हाच आपल्याकडचा सगळ्यात कच्चा दुवा आहे. दागिन्याचे मूल्य आधी ठरवलेले असते, म्हणजे वस्तू पूर्ण गेली तर तेच मिळते. भाव पडला तर ग्राहकाचा फायदा, चढला तर तोटा. आणि गेली काही वर्षे तो चढतोच आहे. 2021 मध्ये ज्यांनी पाच तोळ्यांसाठी सव्वादोन लाखांचा विमा काढला आणि दर वर्षी मोबाइलवर आलेल्या दुव्यावर बोट टेकवून तोच आकडा पुढे चालू ठेवला, त्यांचे पाचच्या पाच तोळे आज गेले तर हातात येणाऱ्या पैशांत दोन तोळेही नीट येणार नाहीत. हप्ता त्यांनी एकदाही चुकवलेला नाही. नूतनीकरणाच्या संदेशात हप्ता, तारीख आणि कंपनीचे बोधचिन्ह असते. ‘आपण नोंदवलेल्या वजनाचा आजचा भाव एवढा’ ही ओळ नसते. ती छापायला किती खर्च येईल?

सोन्याचे नाणे आणि बिस्कीट यांचेही सांगून टाकलेले बरे. धनत्रयोदशीला घेतलेले एक ग्रॅमचे नाणे लोक दागिन्यातच मोजतात. पॉलिसी तसे मोजत नाही. नाणी आणि सोन्याची लगड, पॉलिसीत स्पष्ट लिहून घेतल्याशिवाय, बाहेरच राहतात. घरात हरवलेली, ‘कुठं तरी ठेवली’ अशी वस्तूही बाहेर.

आणि पूर. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी गोदावरीत सोडले गेले, तेव्हा पैठणपासून खाली नदीकाठच्या कितीतरी गावांनी रात्र जागून काढली. सरकारी मदतीचे निकष पाहिले तर घर वाहून गेले किंवा पाण्यात बुडाले अशा कुटुंबाला राज्य आपत्ती निधीतून कपड्यांसाठी 2,500 आणि भांडीकुंडी-घरसामानासाठी 2,500 रुपये. राज्याने स्वतःची भर घातली तरी त्यात दागिन्याचा उल्लेख नसतो, असणारही नाही. ते काम विम्याचे. त्या आपत्तीत भारत गृह रक्षाचे कलम खरोखर कामी येणारे होते, चोरीच्या त्या सात दिवसांसकट. पण ज्यांच्या हाती ती पॉलिसी होती अशी घरे या पट्ट्यात शोधावी लागतात.

‘2047 पर्यंत सर्वांसाठी विमा’ हे आपल्या प्राधिकरणाचे घोषवाक्य आहे. ग्रामपंचायतीपर्यंत पोचणाऱ्या ‘विमा वाहक’ महिलांची योजना आपणच 2023 मध्ये आखली. जीवन, आरोग्य, अपघात आणि मालमत्ता यांचा विमा एकत्र आणणाऱ्या ‘विमा विस्तार’ची चर्चाही काही वर्षे चालू आहे. त्या पार्श्वभूमीवर वडीगोद्रीहून होणाऱ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. दाखल्याच्या सवलतीची मर्यादा रुपयांऐवजी ग्रॅममध्ये लिहावी, नाहीतर दर वर्षी भावाशी जोडावी. एप्रिल 2023 पासून नव्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा आहे. तो क्रमांक आणि पक्की पावती असेल तर वेगळा दाखला मागू नये. घरफोडी आणि साधी चोरी हे भारत गृह रक्षाच्या प्रमाणित मसुद्यातच पर्यायी कलम म्हणून यावे, प्रस्ताव अर्जावर ‘हवे’ किंवा ‘नको’ अशी खूण करण्याची जागा ठेवून, म्हणजे नंतर कुणी ‘सांगितलं नव्हतं’ म्हणणार नाही. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी बंद घराची अट वेगळी असावी. ग्रामपंचायतीचा किंवा कारखान्याचा दाखला त्यासाठी पुरेसा मानता येईल. आणि हे सगळे सांगणारे पानभर माहितीपत्रक मराठीत असावे, अशा मराठीत जी अंबडच्या बाजारात वाचून दाखवली तर कळेल.

जीवन आणि आरोग्याच्या वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला. घराच्या विम्यावर तो 18 टक्केच आहे. ही गोष्ट आपल्या हातात नाही, जीएसटी परिषदेच्या हातात आहे. पण परिषदेला पत्र लिहिण्याचे वजन वडीगोद्रीपेक्षा हैदराबादला जास्त आहे.

तोवर हे पत्र वाचणाऱ्या वडीगोद्रीकरांनी, आणि वडीगोद्रीसारख्या कोणत्याही गावातल्या माणसाने, पुढच्या नूतनीकरणाआधी एक दुपार यासाठी काढावी. दागिने बाहेर काढून सराफाकडे वजन करून घ्यावेत, निव्वळ वजनाचा दाखला घ्यावा, प्रत्येक वस्तूचा फोटो काढून तो घराबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवरही ठेवावा. एजंटला एकच प्रश्न विचारावा: नुसती चोरी झाली, कुलूप न तोडता, तर पैसे मिळतात का? उत्तर लेखी मागावे. दावा अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग 155255 या क्रमांकावर किंवा ‘विमा भरोसा’ संकेतस्थळावर जावे. तिथेही काम झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे अर्ज करता येतो. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे.

महोदय, भारत गृह रक्षाचा मसुदा पुन्हा हाती घ्याल तेव्हा दागिन्यांच्या कलमातला 1 लाखाचा आणि 5 लाखांचा आकडा आधी बदलावा, आणि घरफोडीचे कलम त्याच बैठकीत मंजूर करावे, ही विनंती.

वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना